राक्षसाला तीन मुलं होती

एका जंगलात, बाळांनो, दुपारची जेवणं उरकली की करंजाच्या सावलीत राक्षस मारायचा खेळ रंगायचा.

खेळ अगदी सोपा. साळूताई साळिंदर गोष्ट सांगायची. "समोर गुहा आहे. आत राक्षस घोरतोय. काय करता?" बाकीच्यांनी आपापल्या सोंगातून उत्तर द्यायचं आणि फोडलेले चिंचोके टाकायचे. सगळे पांढरे पडले की राक्षस ठार. मग पुढची गुहा, पुढचा राक्षस. ना रक्त, ना खरचटणं.

या खेळात सगळ्यात पराक्रमी कोण, सांगा बघू? वाघ? छे! चिमणाजी ससा.

एरवी वाळकं पान पडलं तरी चिमणाजी तीन उड्या मारायचा. स्वतःच्याच शिंकेला दचकून बिळात शिरायचा. पण चिंचोके हातात आले की तो ससा राहायचाच नाही. तो व्हायचा रणमर्दन! सात हात उंच, मिशांना पीळ. आजवर त्यानं त्रेचाळीस राक्षस लोळवले होते. घरी गेला की आपल्या अकरा पोरांना एकेका राक्षसाचं मरण करून दाखवायचा. पोरं हसून हसून गडबडा लोळायची. बायको म्हणायची, "अहो, हळू मरा. वरची माती पडतेय."

एके दिवशी खेळायला दयार्णवराव आले. जात लांडग्याची. पण नुकतेच डोंगरापलीकडे करुणेचं तीन दिवसांचं शिबिर करून आले होते. गळ्यात बिल्ला होता.

"राक्षस जागा झालाय!" साळूताई म्हणाली.

"हाणतो!" रणमर्दन गरजला.

"थांबा," दयार्णवराव म्हणाले. "त्यानं तुमचं काय वाकडं केलंय?"

चिमणाजी गोंधळला. "तो राक्षस आहे."

"तो त्याचा जन्म झाला. गुन्हा कोणता? बिचारा स्वतःच्या घरात झोपला होता. घरात शिरलात तुम्ही. तलवार तुमच्या हातात. मग यात राक्षस कोण? अहो, त्याला मुलंबाळं असतील!"

"आहेत की," साळूताईला चेव आला. "तीन. धाकट्याला कालच पहिला सुळा आला."

शेजारी बसलेल्या खारूबाईंनी शेपटीनं डोळे पुसले. चिमणाजीच्या हातून चिंचोके गळाले. त्रेचाळीस! म्हणजे त्रेचाळीस घरं आपण उघड्यावर पाडली?

त्या दिवसापासून खेळच बदलला. गुहेपाशी आलं की आधी हाक मारायची. आत बोलावलं तरच जायचं. एकदा तर अख्खी दुपार राक्षसाच्या सासूच्या गुडघेदुखीत गेली. चिमणाजीनं त्या त्रेचाळीस जणांचं श्राद्धही घातलं. मुळ्याच्या त्रेचाळीस फोडी ओळीनं मांडल्या. कावळा लगेच शिवला. एवढंच नाही, "आणखी कोणाला मारलं असेल तर आठवून बघा," म्हणाला. चिमणाजीला रडू फुटलं. पण रडून मन हलकं झालं. आपण आता चांगले झालो, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

"तुमच्यात फार फरक पडलाय," दयार्णवराव कौतुकानं म्हणाले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर पंजा ठेवला. "अंगानंही भरलात."

पंजा काही निघेना.

"दयार्णवराव, पंजा..."

"हो. भूक लागलीये."

चिमणाजीचे कान गार पडले. "अहो, माझीही बाजू ऐका! मलाही मुलं आहेत! अकरा!"

"असतील ना."

"मग राक्षसाच्या वेळी तुम्हीच तर..."

"अहो, तो खेळ होता! खेळात नीतीनं वागायलाच हवं, नाहीतर मनावर वाईट संस्कार होतात. हे जेवण आहे."

शेजारीच चिंचोके गोळा करणाऱ्या साळूताईनं मात्र कोणाचीच बाजू ऐकली नाही. तिनं पाठ फिरवली, काटे फुलवले आणि सपकन मागे सरकली. दयार्णवरावांच्या नाकात नऊ काटे घुसले. चिमणाजी असा सुटला, की बिळात शिरून पोरं दोनदा मोजली तरी त्याचे पाय पळतच होते.

दुसऱ्या दिवशी जंगलाची सभा भरली. दयार्णवराव नाकाला पाला बांधून आले. "हिंसा!" एवढंच म्हणाले आणि गहिवरले. सभा हळहळली.

सभापती हत्ती म्हणाले, "हा त्या खेळाचाच परिणाम. राक्षस मारून मारून साळूताईची वृत्तीच बिघडली."

चिमणाजी उठला. "पण हे मला खात होते!"

"विषय सोडून बोलू नका," हत्ती म्हणाले.

खेळावर बंदी आली. चिंचोके ओढ्यात फेकले गेले. आता करंजाखाली दर आठवड्याला दयार्णवरावांचं करुणेवर व्याख्यान असतं. चिमणाजी जात नाही. त्यानं साळूताईच्या अगदी शेजारी नवं बीळ खणलंय. त्याला भावनाच नाहीत, असं सगळे म्हणतात. व्याख्यानं मात्र फार सुंदर होतात म्हणे. दर वेळी एखादा श्रोता कमी होतो खरा, पण कमी झालेल्यांपैकी एकाचीही अजून तक्रार आलेली नाही.

तात्पर्य: राक्षसाला मारण्याआधी त्याला मुलंबाळं आहेत का, हे जरूर विचारावं. सशाला विचारत बसू नये, त्याला असतातच.