झाकणातलं खुराडं

१९९९ सालची गोष्ट. काटकसरीसाठी नावाजलेल्या गाब्रोवो गावच्या यंत्रकारखान्यात तेव्हा संगणकांच्या दोन जाती नांदत होत्या. वरच्या मजल्यावर आराखडा विभागाचे जुने, युनिक्सवर चालणारे. खाली पत्रा कापणाऱ्यांकडे नवे, विंडोजचे. दोघांची सोयरीक काही जमेना! वरचं रेखाचित्र खाली उघडलं, की वर्तुळांचे बटाटे व्हायचे.

“शुक्रवारपर्यंत जमलं नाही, तर तुमचा विभाग बंद. चित्रं राजधानीतून, सोफियाहून मागवू,” संचालक हिंकोव म्हणाले.

“शुक्रवार कशाला, साहेब? गुरुवारीच घ्या!” आराखडा विभागातली त्सोन्का म्हणाली. तेवीस वर्षं रेषा ओढलेली बाई. सोफियाच्या पोरांपुढे हार मानणार होय!

शेजारच्या टेबलावरच्या मिन्योने कपाळाला हात लावला. “बाई गं, तुझी जीभ तुला घरी बसवणार एक दिवस.”

दोघांनी खपून चित्रं इकडून तिकडे नेणारा प्रोग्राम लिहिला. गुरुवारी सकाळी कणीक मळायच्या यंत्राच्या झाकणाचं चित्र खाली पाठवलं. वर्तुळं गोल गरगरीत पोचली! त्सोन्काने मिन्योच्या पाठीत असा धपाटा घातला, की त्याचा चष्मा कॉफीत पडला.

तेवढ्यात फोन. खालच्या कापण्याच्या यंत्रावरचा इलिया.

“त्सोन्काताई, झाकणावर जरा जास्तीच्या रेषा दिसताहेत.”

“जास्तीच्या? आमच्या रेषा तुला जड झाल्या? एक जरी सोडलीस तर बघ!”

“अहो, पण इथे दार...”

“काप म्हणते ना!”

इलियाने इमानाने कापलं.

दुपारी हिंकोवसाहेब पाहायला उतरले. मागोमाग त्सोन्का, वरमाईच्या तोऱ्यात. बघते तर काय! पोलादी झाकणाच्या मधोमध कमानीचं छोटं दार आणि वर दोन झरोके!

रेखाचित्राला पारदर्शक कागदांसारखे थर असतात. नको तो झाकून ठेवता येतो. घरच्या खुराड्याची दर्शनी बाजू त्सोन्काने झाकणाच्याच चित्राच्या एका झाकलेल्या थरात काढून ठेवली होती. वेगळी फाइल केली तर डिस्कवर जागा जाणार, आणि गाब्रोवोत जागा वाया घालवणं म्हणजे पापच! प्रोग्रामने मात्र झाकलेलं-उघडं काही न बघता सगळं खाली पोचवलं होतं.

हिंकोवांनी खिशातून टेप काढली. दार मोजलं. “कोंबड्या किती?”

“सात,” त्सोन्का पुटपुटली. तेवीस वर्षं डोळ्यांपुढून गेली.

“सात कोंबड्यांना एवढं रुंद दार? दोन सेंटिमीटर जास्त! हिवाळ्यात सगळी ऊब बाहेर जाईल, बाई!” टेप खिशात गेली. “रेषा मात्र एकूण एक आल्या. विभाग राहील.”

मिन्यो पुढे वार्नाला गेला, तिथे त्याने संगणकांचं दुकान थाटलं. इलिया फोरमन झाला. फोनवरचा हुकूम त्याने पुन्हा कधी ऐकला नाही, लेखी मागायचा. हिंकोव निवृत्त होताना ते झाकण “भंगार” म्हणून गावी घेऊन गेले, आणि त्यांच्या कोंबड्या त्यातून ऐटीत ये-जा करू लागल्या. त्सोन्का त्याच टेबलावरून २००८ साली निवृत्त झाली. साहेबांचा शब्द प्रमाण मानून तिने घरच्या खुराड्याचं दार दोन सेंटिमीटर अरुंद केलं होतं. तिची सगळ्यात जाडी कोंबडी मात्र शेवटपर्यंत छप्पर उचलूनच आत ठेवावी लागली!