मधला डबा

प्रेमलता गेली त्या दिवशी मुकुंदराव रडले नाहीत. हॉस्पिटलचे कागद होते, फोन होते, पुण्याहून मुलगी नूपुर यायची होती. तेराव्याच्या संध्याकाळी पाहुण्या बायकांनी भांडी घासून कपाटात लावली, आणि कपाट लोटताना आतून खडखड असा आवाज आला.

एकात एक बसणाऱ्या पाच स्टीलच्या डब्यांचा तो संच होता. लग्नात प्रेमलताच्या वडिलांनी दिलेला, पाचही डब्यांवर तिचं नाव कोरलेलं. त्यातला मधला डबा नव्हता. त्यामुळे धाकटे दोन डबे थोरल्यांच्या पोटात सैल पडून वाजत होते. इतकी वर्षं हे कपाट कधी वाजलं नव्हतं. मुकुंदरावांनी डबे बाहेर काढले, पुन्हा मोजले आणि तिथेच फरशीवर बसून रडले. बायका एकमेकींना म्हणाल्या, आता कळलं त्यांना.

मधला डबा कुठे गेला ते त्यांना रात्रीपर्यंत आठवलं. दिवाळीत प्रेमलताने त्यात अनारसे भरून काटोलला, तिच्या माहेरी, मावसबहिणीला, कुसुमताईला पाठवले होते. तिच्या हातचा तो शेवटचा पदार्थ. त्या डब्यावरचं नाव कोरणाऱ्याने फार ऐसपैस सुरू केलं होतं, त्यामुळे शेवटचा 'ता' काठाला अंग चोरून उभा होता. प्रेमलता म्हणायची, "हा 'ता' म्हणजे मीच. तुमच्या घरात आली तेव्हा अशीच उभी होती."

डिसेंबरात नूपुरने फोनवर धोशा लावला. बाबांनी हुडकेश्वरच्या त्या घरात एकट्याने बसून राहू नये, थंडीचे दिवस आहेत, दोन दिवस कुठेतरी शांत ठिकाणी जाऊन यावं. मुकुंदराव म्हणाले, काटोलला जातो. नूपुरला फार बरं वाटलं. डब्याचं त्यांनी सांगितलं नाही. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस एका डब्यासाठी गावाला चालला आहे, हे फोनवर बोलायला बरं वाटत नव्हतं.

पिशवीत स्वेटर, मफलर, गोळ्या आणि कुसुमताईचा डबा भरला. सुतकात घरची चूल बंद होती तेव्हा कुसुमताई त्यातून झुणका-भाकर घेऊन आली होती. डबा घासून ठेवला होता, पण रिकामा. प्रेमलताचा एक नियम होता. दुसऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नाही. घरात काही नसेल तर चिमूटभर साखर घालायची, पण रिकामा नाही. मुकुंदरावांना चहाखेरीज काही येत नव्हतं. त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून सोनपापडी आणून डब्यात रचली आणि शनिवारी सकाळची बस धरली.

कुसुमताईने दार उघडलं. "या जवाईबुवा, एकटेच?" एवढं म्हणाली आणि तिने जीभ चावली. मग तिने अंगणात उन्हात खाट टाकली, पाणी दिलं आणि डबा उघडला.

"दुकानातली हाय," मुकुंदराव म्हणाले.

"बरं झालं. माह्या दाताले तेवढीच जमते."

जेवण झालं. वांग्याची भाजी, भाकरी, वर ठेचा, मग गूळपोळी. मुकुंदरावांनी सहज आठवल्यासारखं दाखवत मधल्या डब्याचं विचारलं. कुसुमताईने कपाळावर हात मारला. अनारसे संपल्यावर डबा परत करायचा म्हणून तिने त्यात डिंकाचे लाडू वळून ठेवले होते. तेवढ्यात शेजारच्या इंदूबाईची सून बाळंत झाली, तर लाडू डब्यासकट तिकडे गेले.

"मंग आता तो इंदूबाईकडे हाय?"

"असन. काटोलात डब्बा कुठं जाते?"

मुकुंदराव म्हणाले, जाऊन येतो, पाच मिनिटांचं काम. कुसुमताई हो म्हणाली आणि तिने फोन उचलला. काटोलात एका घरचा जावई हा आळीचा जावई असतो, हे मुकुंदराव विसरले होते. ते वळसा घालून इंदूबाईच्या दारी पोचेपर्यंत पाट मांडला होता आणि पाटोडीच्या रश्श्यावर तर्री तरंगत होती.

ते म्हणाले, आत्ताच जेवलो. इंदूबाईने ऐकलं नाही असं नाही. तिने ऐकून पाटोड्या दोनच्या चार केल्या. "प्रेमाचा घरवाला माह्या दारातून उपाशी जाईन? अन् वरून ती पाहून राहिली असन, तर मले काय म्हणन?"

मुकुंदराव जेवले. डबा तिथे नव्हता. सुनेचे लाडू संपल्यावर इंदूबाईने त्यात तुरीच्या शेंगांचे उकडलेले दाणे भरून संत्र्याच्या बाजारातल्या जयवंताबाईकडे पाठवले होते, कारण बारशाला जयवंताबाईने टोपलीभर संत्री धाडली होती, आणि तिची टोपली रिकामी कशी पाठवायची? मग टोपलीत डबा. निघताना इंदूबाईने मुकुंदरावांच्या हातात एक नवाच डबा ठेवला. वरच्या बाजूला दोरा बांधला होता. रस्सा होता आत.

जयवंताबाई बाजारात संत्र्यांच्या ढिगामागे बसली होती. गावकऱ्यांचा फोन तिथेही पोचला होता. तिने केळीच्या पानावर भजी काढून ठेवली होती. मुकुंदरावांनी हात जोडले. "बाई, पोटात जागाच नाही."

"भज्याले कुठं जागा लागते गा? ते आजूबाजूले बसते."

चौथं भजं खाताना त्यांना कळलं की डबा इथेही नाही. शाळेत भैरवी नावाची नवी बाई आली होती, भंडाऱ्याकडची, खोली घेऊन एकटी राहते. जयवंताबाई तिला रोज भाजी पाठवते. तो डबा आता तिच्याकडेच असतो, त्याच डब्यातून ती शाळेत जेवण नेते. पण आज शनिवार. सकाळची शाळा करून ती कामासाठी बाहेरगावी गेली आहे, उद्या भेटेल. एवढं सांगून जयवंताबाईने संत्र्यांवर झाकण लावलं. झाकण डब्याचं होतं, आणि डबा मुकुंदरावांच्या हातात आला. हा तिसरा, पहिला धरून.

पहिला धरावा लागला, कारण कुसुमताईने तिचा डबा घासून, त्यात तिळाची वडी भरून, मुकुंदरावांच्या पिशवीशेजारी ठेवलाही होता. "ताई, हा मी परत कराले आणला होता," ते म्हणाले. "केला ना परत," ती म्हणाली. "आता मी देऊन राहिली." मग तिने ओवा दिला, गरम पाणी दिलं, आणि संध्याकाळी पुन्हा जेवायचं विचारलं.

रविवारी सकाळी मुकुंदराव भैरवीच्या खोलीकडे निघाले. थंडी होती, धूर खाली बसला होता. गल्लीत पोरं बॅट घेऊन खेळत होती. त्यांनी मफलर नीट केला, आणि तेवढ्यात मागून कुणीतरी मोठ्याने हाक मारली.

"प्रेमलता मॅडम!"

मुकुंदराव जागीच उभे राहिले. दीड महिन्यात हे नाव कुणी मोठ्याने घेतलं नव्हतं. घरी येणारी माणसंसुद्धा 'त्या', 'वहिनी', 'तुमची ती' असं म्हणून पुढे जायची.

समोरच्या दारातून पंचविशीची एक मुलगी ओल्या केसांनी बाहेर आली. "काय गं?" तिने विचारलं. हाक मारणारी चिमुरडी म्हणाली, आज डब्यात काय आहे? "सुट्टी आहे आज, डबा नाही," ती म्हणाली, आणि मग तिचं लक्ष मुकुंदरावांकडे गेलं.

त्यांनी आपण कोण ते सांगितलं. भैरवीचा चेहरा उतरला. ती आत गेली आणि डबा घेऊन आली. त्यात अर्धा चिवडा होता. शाळेच्या पहिल्याच दिवशी पोरांनी डब्यावरचं नाव वाचलं, ती सांगू लागली. त्यांना वाटलं, हेच आपल्या मॅडमचं नाव. दोनदा सांगून पाहिलं. तिसऱ्यांदा सोडून दिलं.

"आता हाक मारली की मीही वळून बघते, काका. मले माहीत नव्हतं त्या कोण. मी आत्ता घासून देते."

मुकुंदरावांनी डबा हातात घेतला. काठावरचा 'ता' तिथेच उभा होता, अंग चोरून. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला. गल्लीत बॅट पडल्याचा आवाज झाला आणि पुन्हा कुणीतरी ओरडलं, प्रेमलता मॅडम, चेंडू तुमच्या गच्चीवर गेला.

"जा, तुमाले बोलावून राहिले," मुकुंदराव म्हणाले.

"अन् डब्बा?"

"रिकामा डब्बा परत करत नसते. तुम्ही भरून पाठवा, सवडीनं."

"मले सैंपाकच येत नाही काका."

"मग घाई नाही," ते म्हणाले आणि डबा तिच्या हातात दिला.

परतीच्या बसमध्ये त्यांच्या मांडीवर तीन डबे होते. कळमेश्वरच्या अलीकडे रश्श्याचा दोरा सुटला आणि पँटला पाटोडीचा वास लागला. कंडक्टरने विचारलं, भांड्यांचं दुकान टाकून राहिले का? मुकुंदराव म्हणाले, हाव, सासुरवाडीचं.

घरी आल्यावर त्यांनी नूपुरला फोन केला. आराम झाला का, तिने विचारलं. त्यांनी हो म्हटलं आणि पोहे भिजवायला पाणी किती घालायचं ते विचारलं. पोहेच ना, तिने पुन्हा विचारलं. मग तिने सांगितलं.

पहिल्या वेळी लगदा झाला. दुसऱ्या वेळी हळद जास्त पडली. तिसऱ्या रविवारी केलेले पोहे डब्यातून नेण्यासारखे झाले, आणि कुसुमताईने ते सगळे खाल्ले. मग त्याच डब्यात मेथीचे लाडू भरून दिले.

कपाट उघडलं की अजून वाजतं. इंदूबाईचा आणि जयवंताबाईचा डबा घासून ओट्यावर पालथा आहे. ते दोन्ही भरायचे राहिले आहेत, आणि कुसुमताईचा पुन्हा भरायचा आहे.