खंडेनवमीस दफ्तर बुडालें त्याची हकीकत

ज्यानें अक्षर निर्मिलें, आणि तें जपावयाची अक्कल मात्र थोडक्यांसच दिधली, त्या गजाननास नमन असो. शके एकोणीसशें शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, आश्विन शुद्ध नवमी, ते दिवशीं एका राज्यांत दफ्तर बुडालें, त्याची हकीकत जैसी घडली तैसी लिहितों. राज्याचें नांव लिहीत नाहीं. वाचील त्यास आपलेंच वाटेल.

त्या राज्यांत धरणाचे पाण्याखालीं गेलेल्या गांवांचें पुनर्वसन खातें होतें. गांवें गेलीं आणि घरांचे कागदही गेले, मग कोणाचें घर कोठें होतें व कोणास नवी जमीन द्यावी, हें म्हाताऱ्या माणसांच्या जबानीवरून ठरवावें ऐसा ठराव जाहला. ते कामीं मालिनीबाई खांबेटे दफ्तरदार नेमिल्या. बाई वसाहतींतून हिंडल्या, तापल्या पत्र्यांखालीं बसल्या, म्हातारींकोतारीं बोलतीं केलीं, आणि त्यांचे आवाज जैसेच्या तैसे मुद्रित करून कचेरींतील सर्व्हर म्हणोन जें थोरलें यंत्र, त्यांत सांठविले. बोलणारीं सारीं पिकलीं पानें. आज आहेत, उद्यां नाहींत. म्हणोन बाईंचे जिवास एकच घोर लागला, कीं हें यंत्र बसलें तर पुन्हां विचारावें कोणास? मग बाई खात्याचे मुख्य विश्वासराव पागनीस, ज्यांस सर्व हुजूर म्हणत, त्यांजकडे गेल्या आणि विनवों लागल्या, "साहेब, एक नक्कल क्लाउडवर ठेवू या." हुजूर हांसून बोलिले, "क्लाउड म्हणजे काय हो बाई? परक्याचं घर! आपलं दफ्तर दुसऱ्याच्या माळ्यावर टाकायचं? छे छे!" बाई म्हणाल्या, "मग एक प्रत मी सांभाळते." हुजूर गरजले, "सरकारी माल घरी नेणार? नोकरीचा कंटाळा आलाय का?" मग बहुत आर्जवें करून एवढेंच पदरीं पडलें, कीं एक डिस्क घ्यावी, तींत नक्कल करावी आणि ती नदीपलीकडील तालुका कचेरीचे कपाटांत ठेवावी. बाई दर शनिवारीं एस.टी.नें जात, नवे आवाज तींत भरून येत. मूळ एके तीरीं आणि नक्कल दुसरे तीरीं ऐसें जाहलें, तेव्हां कोठें बाईंस सुखाची झोंप लागों लागली.

परंतु सुख पाहवतें कोणास! खंडेनवमीस त्या कचेरींत हत्यारांची पूजा करावी ऐसा रिवाज होता, आणि तेथील हत्यारें म्हणजे स्टेपलर, प्रिंटर, शिक्के आणि हुजुरांची गाडी. ते वर्षीं हुजुरांचे मनांत भक्ति उसळली आणि म्हणों लागले, "आई इथे चौरंगावर आणि लेकरू नदीपलीकडे, हे बरं दिसत नाही. डिस्कही आणा, दोघांची जोडीनं पूजा करू." आणि जीप धाडिली. बाईंस वर्तमान कळतांच धांवत आल्या आणि काकुळतीस येऊन बोलिल्या, "साहेब, दोन्ही एका जागी आली की नक्कल ठेवण्यात अर्थच काय उरला? मी तिकडे जाऊन फुलं वाहते ना!" हुजूर म्हणाले, "तुमचं आपलं दरवेळी काहीतरी आडवं. घटकाभराची तर पूजा. सणाच्या दिवशी अभद्र बोलू नका." बाई म्हणाल्या, "निदान वायरी तरी काढू द्या." त्यावर हुजूर उत्तरले, "बंद यंत्राची कसली पूजा? दोन्ही जोडा, चालू करा, दिवे लुकलुकू द्या. फोटो झकास येतो." अवघी कचेरी म्हणों लागली, "जाऊ द्या हो खांबेटेबाई, आज तरी वाद नको." एकही माणूस बाईंचे बाजूस उभा राहिला नाहीं. मेले सगळे पेढ्यांकडे डोळे लावून होते! मग हळदकुंकू वाहिलें, झेंडूचे हार घातले, आणि नारळ वाढवावयास पाटा होता तो सोडून हुजुरांनीं भक्तीचे भरांत नारळ यंत्राचेच लोखंडी कडेवर हाणिला. नारळ चांगला पाणीदार निघाला. पाणी जाळींतून आंत उतरलें, आंत तडतड जाहली, ती शुभ समजोन मंडळींनीं टाळ्या पिटिल्या. बाईंनीं धांवून वायर ओढिली, हात पोळला, परंतु तोंवर यंत्राचे दिवे गेले आणि जोडलेली डिस्कही त्याचसंगें गेली.

मग कारागीर बोलाविले, त्यांनीं दोन्ही उघडून पाहिलीं आणि कांहीं उरलें नाहीं ऐसें सांगितलें. मग चौकशी बसली. चौकशींत नारळाचें नांव निघालें नाहीं, कारण प्रसादास दोष कैसा द्यावा! नक्कल जपणें दफ्तरदाराचें काम, तें बाईंनीं केलें नाहीं, ऐसा निकाल जाहला आणि बाईंची बढती खुंटली. तों दिवाळीनंतर सोपान घारे म्हणोन एक धरणग्रस्त जमिनीचे सुनावणीस आला. त्याची जमीन त्याची आई राधाबाई हिचे जबानीवर ठरावयाची होती. हुजूर त्यास बोलिले, "तांत्रिक अडचण झालीय. आईला पुन्हा एकदा घेऊन या." सोपान म्हणाला, "साहेब, आई वैशाखातच गेली." बाई उठोन म्हणाल्या, "मी ऐकलंय साहेब. घर देवळाच्या पायरीला लागून, मागं विहीर, पुढं दोन आंबे. शब्द न् शब्द सांगते, लिहून घ्या." हुजूर म्हणाले, "ऐकीव गोष्ट पुरावा होत नाही, बाई." आणि दावा फेटाळिला.

सोपान बाहेर पायरीवर बसला. बाई पाणी घेऊन गेल्या आणि रडों लागल्या. तो म्हणाला, "तुम्ही कशाला रडता, ताई? जमीन काय, नव्हतीच. एवढंच सांगा, आई माझ्याविषयी काही बोलली का? आमचा अबोला होता." बाईंनीं डोळे मिटून आठवूं पाहिलें. म्हातारी सरतेशेवटीं लेकाचें नांव घेऊन बहुत बोलली होती, बोलतां बोलतां हांसलीही होती, इतकें स्मरलें. काय बोलली तें स्मरेना. घर, विहीर, आंबे हें कामाचें म्हणोन बाईंनीं ध्यानीं धरिलें, आणि बाकीचें यंत्रांत आहे, नकलेंत आहे, म्हणोन सोडून दिधलें होतें. बाई म्हणाल्या, "बोलल्या होत्या. पुष्कळ बोलल्या. मला आठवत नाही हो, सोपानराव." तो पाणी प्याला आणि उठोन गेला.

येणेंप्रमाणें दफ्तर बुडालें. गांवें प्रथम धरणाचे पाण्यांत गेलीं, त्याची भरपाई थोडीबहुत मिळाली. दुसरे वेळीं नारळाचे पाण्यांत गेलीं, त्याची भरपाई मागावयास कोणी आलें नाहीं. हुजुरांस पुढें बढती जाहली. इति.