भिंतीपलीकडचा देश

नळाची चावी फिरवायची असली की श्रीपादअण्णा कोट घालत. खाली लुंगी, वर बनियन आणि त्यावर स्वतःच्या लग्नातला करडा कोट. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, कुणीतरी गेलं असावं. अण्णा अंगणातल्या पाइपापाशी उकिडवे बसले, चावी फिरवली, भिंतीपलीकडं पाणी पडल्याचा आवाज ऐकला आणि कोट काढून खुंटीला लावला. "करार पाळायचा तो बनियनवर पाळायचा नसतो," म्हणाले.

कन्नड मुलखातल्या राजाजीनगरात त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत मी भाड्यानं राहत होतो. मी तासगावकडचा, आठवीत शाळा सोडलेला, इथं लेथवर कामाला, बायको गावी. एकट्या पुरुषाला कोणी खोली देत नव्हतं. अण्णा मूळचे निपाणीचे. दारात माझं मराठी ऐकलं आणि पुढं काहीच न विचारता "चहा घे की" म्हणाले. त्यामुळं त्यांचं एकही काम मी कधी नाकारलं नाही, आणि प्रत्येक काम करताना आता खोली जाते की काय, ही धास्ती असायचीच.

काम होतं वकिलातीचं. वडिलांच्या मागं घराचे दोन भाग झाले, मधे भिंत आली. पलीकडं त्यांची धाकटी बहीण पद्मक्का, तिचा नवरा आणि मुलगी. सरकारी नळाचं पाणी आधी अण्णांच्या अंगणात येई. तिथून एक फाटा भिंतीखालून पद्मक्काच्या हौदात जाई. वाटणीच्या दिवशी अण्णा चारचौघांत म्हणाले होते, मला आता बहीण नाही, शेजारी राष्ट्र आहे. रागात निघालेलं ते वाक्य त्यांनी पुढं परराष्ट्र धोरणासारखं चालवलं. "आपण वरचा देश," असं मला समजावत. "नीट वागायची जबाबदारी वरच्याची." गंगेच्या पाण्याचा बांगलादेशाशी करार झाला, त्यात म्हणे उन्हाळ्यात दहा-दहा दिवसांच्या पाळ्या होत्या. अण्णांनी ते पेपरात वाचलं आणि लगेच आमच्या घराला लागू केलं. दहा दिवस पहिलं पाणी आमचं, दहा दिवस त्यांचं.

निरोप मी न्यायचे. पद्मक्काचं सासर धारवाडचं, आणि भांडणापासून अण्णांसाठीचं काहीही ती कन्नडातच सांगे. मला कन्नड येत होतं ते 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, एवढ्यापुरतं. हे मी घाबरत कबूल केलं तर अण्णा उलट खूश झाले. "म्हणूनच तू तटस्थ राष्ट्र. एखादा शब्द वाढवून सांगायची तुझी ऐपतच नाही."

त्या उन्हाळ्यात नळाला पाणी यायचं दिवसाआड, तेही करंगळीएवढं. आणि पद्मक्काच्या मुलीचं लग्न नेमकं आमच्या दहा दिवसांत आलं. पाहुणे उतरले, मांडव पडला. नवरीचा एकुलता एक मामा मात्र भिंतीच्या अलीकडं पेपर वाचत बसलेला, बिनआमंत्रणाचा. पलीकडं रिकाम्या घागरी वाजल्या की त्यांचं पान उलटायचं थांबे.

पहिलं पाणी त्यांना देऊ या का, असं मी चाचरत विचारलं. करारात लग्नाचं कलम नाही, म्हणाले. थोड्या वेळानं स्वतःच म्हणाले, मागितलं तर विचार करता येईल. मग आणखी हळू, "जाऊन ये की जरा. मागते का बघ."

गेलो. पद्मक्का पाहुण्यांतून बाहेर आली, हात हळदीनं पिवळे. पाणी हवं असेल तर अण्णा विचार करतील, असं मी सांगितलं. तिनं हात पदराला पुसले. मग एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "अवरिगे हेळप्पा, तंगी इद्दाळे अंत."

मला हायसं वाटलं. 'त्यांना सांग, अमुक आहे', एवढं कन्नड निरोप नेऊन नेऊन कळायला लागलं होतं, आणि मधला शब्द तर चक्क आपलाच होता.

"अण्णा, तिकडं पाण्याची तंगी आहे म्हणतात."

"पाण्याची म्हणाली?"

"नाही, ते माझं. त्या नुसतं म्हणाल्या, तंगी इद्दाळे."

अण्णांनी पेपर खाली ठेवला. "वाढवलासच शेवटी एक शब्द," म्हणाले. खोली गेलीच, असं मला वाटलं. पण आवाजात राग नव्हता, आवाजच नव्हता म्हणा ना. "अरे, कन्नडात तंगी म्हणजे धाकटी बहीण. तुम्हाला बहीण आहे, असा निरोप आहे तो."

पाणी आलं तेव्हा दिवस आमचा होता. अण्णांनी आमच्या टाकीची चावी बंद केली आणि पलीकडची पूर्ण सोडली. आम्ही दोघं तिथंच बसून राहिलो. हौद भरत आला तसा आवाज बदलत गेला, मग पाणी फरशीवर सांडू लागलं.

"अण्णा, साकु," भिंतीपलीकडून हाक आली.

साकु म्हणजे पुरे. खानावळीत वाढप्याला सांगून तो शब्द मला पाठ झाला होता. अण्णा त्यांना सगळी गल्लीच म्हणे, मीही म्हणायचो. पण थोरला भाऊ म्हणून तशी हाक मारणारं माणूस जगात एकच होतं, आणि त्या तोंडून ती मी आज पहिल्यांदा ऐकत होतो.

पाणी वाया जात होतं. मी चावी बंद करायला वाकलो. अण्णांनी माझं मनगट धरलं.

"थांब की," म्हणाले. "आणखी एकदा म्हणू दे."