परदेशी डासांपासून संरक्षण, मंगळवारी तीन ते पाच

पाण्याची शुद्धता मोजणारी यंत्रं बनवणाऱ्या अंधेरीच्या एका कंपनीने ठरवलं, की यापुढे परदेशी जाणाऱ्या एकाही कर्मचाऱ्याला तिथला डास चावता कामा नये. ठराव एकमताने झाला. डासांना तेवढं कळवायचं राहिलं.

या ठरावाची पहिली लाभार्थी जान्हवी परब. सहा वर्षं ती यंत्रं तपासून खोक्यांत भरत होती आणि बसवायला दुसरंच कुणी विमानाने जात होतं. यंदा प्रथमच टांझानियातल्या दार-ए-सलामसाठी तिचं नाव लागलं. मुलुंडला आईचं शेजाऱ्यांना सांगूनही झालं. उरली होती फक्त सुरक्षा अधिकारी साटम सरांची सही, आणि ती तीन मंगळवारांच्या प्रशिक्षणानंतरच मिळणार होती.

तळमजल्यावरच्या खोलीत साटम सरांनी पडद्यावर भला मोठा डास दाखवला. "पूर्ण बाह्या, मलम, मच्छरदाणी. आणि साचलेल्या पाण्यापासून लांब राहायचं. तिकडे लोक पाणी उघडंच ठेवतात." बोलता बोलता त्यांनी स्वतःच्या मानेवर एक चापट मारली आणि हात रुमालाला पुसला.

मग प्रत्येकाला संरक्षण संच मिळाला. जान्हवी मलमाची नळी उघडू लागली, तसे सर म्हणाले, "मॅडम, ते सील परदेशात उतरल्यावर तोडायचं. इथे तोडलं तर दुरुपयोग धरतात."

निघताना जान्हवीचं लक्ष दाराशी गेलं. तिथे आगीसाठी लाल बादल्या टांगलेल्या होत्या, एक वाळूची, एक पाण्याची. ती पाण्यावर वाकली. तिची सावली पडताच पृष्ठभागाशी लटकलेल्या पन्नासेक अळ्या वळवळत तळाशी गेल्या.

"सर, यात अळ्या आहेत. आठवड्याभरात यांचे डास होतील."

"मॅडम, आपला विषय परदेशी डास. बादली अग्निसुरक्षेत येते."

"अग्निसुरक्षा कोण बघतं?"

"मीच. पण बुधवारी."

बुधवारी साटम सरांनी नियम काढून दाखवला. पाण्याची बादली क्षणभरही रिकामी असता कामा नये. रिकामी करायचीच तर अर्ज हवा, आणि अर्जासोबत तेवढीच भरलेली पर्यायी बादली. जान्हवीने अर्ज केला. पर्यायी बादली त्याच दिवशी आली आणि काठोकाठ भरून पहिलीच्या शेजारी लागली. अर्ज मंजुरीच्या रांगेत लागला.

दुसऱ्या मंगळवारी दुसऱ्या बादलीतही अळ्या होत्या.

"ओत ना गं बाहेर मातीत आणि भर परत," तिच्यासोबत प्रशिक्षणाला बसणारा प्रांजल म्हणाला. "कोण बघतंय?"

"वर कॅमेरा बघतोय. नियम मोडला म्हणून सही अडवली तर?"

"मग तुझी वाट लागली."

"तेच म्हणते मी. तू ओत ना."

"मी कशाला? माझं नाव राखीव यादीत आहे ना."

अळीचा डास कसा आणि किती दिवसांत होतो, हे त्या इमारतीत जान्हवीइतकं नेमकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तिने पाय खुर्चीवर घेतले आणि टिपणं काढत राहिली.

तिसऱ्या मंगळवारी सही मिळाली. विमान पुढच्या मंगळवारचं होतं. रविवारी ताप चढला, सोमवारी रिपोर्ट आला. डेंग्यू. दार-ए-सलामला प्रांजल गेला.

साटम सर शहाळं घेऊन रुग्णालयात आले. त्यांना घटनेची नोंद करायची होती. मोबाइलवरच्या अर्जात 'डास चावल्याचं ठिकाण' या रकान्यात देशांची यादी होती.

"यात भारत नाही, सर," जान्हवी क्षीण आवाजात म्हणाली.

"नसणारच. भारत परदेश कुठे आहे?"

"मग तो रकाना रिकामा ठेवा."

"रिकामं ठेवायची परवानगी नाही, मॅडम." थोडा विचार करून त्यांनी टांझानिया निवडलं. "तुम्ही जाणारच होतात ना."

तिसऱ्या दिवशी प्रांजलचा मेसेज आला. 'इकडे हॉटेलवाले दर शुक्रवारी कुंड्यांखालच्या ताटल्यासुद्धा उलट्या करतात यार. एक डास नाही. तू बरी हो.'

टांझानियात आपल्या कर्मचाऱ्याला डेंग्यू झाला, या नोंदीची कंपनीने गंभीर दखल घेतली. प्रशिक्षण तीनाचं सहा मंगळवारांचं झालं. खोली तीच. आणि आफ्रिकेतल्या डासांचा प्रत्यक्ष अनुभव असलेली एकमेव व्यक्ती म्हणून शिकवायला जान्हवी परब यांची नेमणूक झाली. मोंबासाच्या नव्या यादीत तिचं नाव पहिलं होतं. सही साटम सरांची बाकी होती, आणि सर मागच्या खुर्चीत बसले होते.

जान्हवीने पडद्यावर तोच डास लावला. पूर्ण बाह्या, मलम, मच्छरदाणी इथवर झालं, तेव्हा दाराजवळच्या मानसीने हात वर केला. ती नवीन होती.

"मॅडम, या बादल्यांत काहीतरी वळवळतंय."

खोलीत बारा जण होते. सगळे जान्हवीकडे बघू लागले. जान्हवीने साटम सरांकडे पाहिलं.

"तो अग्निसुरक्षेचा विषय आहे," ती म्हणाली. "उद्या या."

बाराही जणांनी वहीत टिपून घेतलं. बादल्या जान्हवीपासून चार पावलांवर होत्या आणि उलट्या करायला पाच सेकंद पुरले असते. तेवढी सवड त्या खोलीत कुणालाच नव्हती. तुमच्या फ्रिजमागच्या ताटलीत पाणी किती दिवसांचं आहे, ते बघायलाही तेवढीच लागते. मंगळवार असला तरी चालतं.