गोबनेटचं बारसं

सासूला खूश करणं अवघड आहे असं म्हणणाऱ्यांनी आधी थोडा अभ्यास करावा. मी केला होता.

टेकडीखालचा घरापुरता जमिनीचा तुकडा सासूबाई मला देणार की मेव्हण्याला, एवढाच प्रश्न होता. त्यातच आम्हाला मुलगी झाली. आयर्लंडात आमच्या कॉर्ककडे पहिल्या मुलीला आईच्या आईचं नाव द्यायची रीत. म्हणजे ॲबी.

"ॲबी कसली?" सासूबाईंचा भाऊ दारूच्या गुत्त्यात म्हणाला. "बाप्तिस्म्याला गोबनेट म्हणून डोक्यावर पाणी घातलंय तिच्या!"

मी वर्तमानपत्रात नोकरीला. असला ऐवज वाया कसा घालवणार? बायको, नेसा, म्हणाली, "आईला एकदा विचार."

"विचारून कुणी खूश होतं का?"

रविवारी अर्धं पान लिहिलं. नऊ पांढरी हरणं चरताना दिसतील तिथे मठ बांध, असं देवदूताने जिला सांगितलं ती संत गोबनेट. मधमाश्यांची राखणदार, गुरं चोरणाऱ्यांवर त्यांची पोळी सोडणारी. एके काळी आमच्या भागात घरटी एक गोबनेट होती. पुढे मुलींना लाज वाटू लागली आणि त्या ॲबी, डेबोरा झाल्या. उदाहरणार्थ, माझ्या सासूबाई. सोबत फोटो.

लेख तुफान गाजला. खाटीक दुकानातून ओरडला, "काय गोबनेटबाई, मटण काय देऊ?" पत्त्यांच्या अड्ड्यावर सासूबाईंच्या मैत्रिणी मधमाश्यांसारखं गुणगुणून डाव सुरू करू लागल्या. बारशाला आमची मुलगी गोबनेट झाली, आणखी दोन घरांनीही मुलींची नावं गोबनेट ठेवली, आणि चर्चच्या फादरनी सासूबाईंना उभं करून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. त्यांनी रुमाल तोंडावर धरला. गहिवरल्या असणार, असं मी ताडलं.

चहाच्या वेळी त्यांनी मला खिडकीपाशी बोलावलं.

"जावईबापू, शाळेत अख्खा वर्ग माझ्यामागे गुणगुणत फिरायचा. लग्न झालं तेव्हा ते नाव मी माहेरी सोडून आले."

"आई, मला आधी सांगायचं ना!"

"कुणालाच सांगितलं नव्हतं. तोच तर मुद्दा होता."

महिन्याभरात तो तुकडा कॉर्मकच्या, म्हणजे मेव्हण्याच्या, नावावर झाला. त्याच्या मुलीचं नाव ब्रुकलिन.

आम्ही अजून भाड्याच्या घरात आहोत. गेल्या आठवड्यात मी न राहवून म्हणालो, "आई, राग मानू नका, पण ब्रुकलिन या नावाला काही इतिहास तरी आहे का?"

"नाही," सासूबाई लाडक्या नातीला शोभेल असा केकचा मोठा तुकडा ब्रुकलिनच्या बशीत ठेवत म्हणाल्या. "म्हणून तर तुला त्यावर लिहिता आलं नाही."