रंगाऱ्याच्या डोक्यावरचा हात

या, असे पुढच्या बाकांवर सरकून बसा. मागे माझा आवाज पोचत नाही आणि ही हकीकत ओरडून सांगण्यासारखी नाही. आमच्या सेंट अँड्र्यूच्या टेकडीवर एका शनिवारी बिशप कसा झाला, ते सांगतो. यातलं एक अक्षरही पदरचं नाही.

त्या दिवशी पाळक ओसविन लॅशली बिशप व्हायचे होते. बिचारे नऊ वर्षं थांबले होते. आमच्या मंडळीची देवळं पाच आणि पाचांत मिळून बिशप एक, एथेलबर्ट यिअरवुड, वय वर्षं त्र्याऐंशी. बिशपानं डोक्यावर हात ठेवल्याशिवाय दुसरा बिशप होत नाही, त्यामुळे यिअरवुडसाहेबांना काही झालं तर मंडळीला पुढचा बिशप मिळायची सोयच उरणार नव्हती. पण विषय काढला की ते म्हणत, "घाई कसली? मी काय आजारी आहे?" आजारी नव्हतेच. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते, एवढंच. साऱ्या टेकडीला हे माहीत होतं. त्यांना स्वतःला ते मान्य नव्हतं.

गळा मात्र असा, की दिसण्याची गरजच काय असं वाटावं. ते संदेश सांगत नसत, गात. आधी दहा मिनिटं साधं बोलणं, मग एखादी ओळ हळूच लांबायची, बाकांवरून तिला उत्तर जायचं, आणि मग देवळाचे पत्रेसुद्धा सुरात थरथरायचे. अशा वेळी डोलता डोलता मी स्वतः तीनदा चष्मा हरवला आहे.

घोटाळा सुरू झाला तो गुडघे टेकायच्या पाटावरून. पाट डुगडुगत होता. देवळातली माणसं, झगे आणि भांडी यांच्यावर सारख्याच कडक नजरेनं लक्ष ठेवणाऱ्या आयँथी कॅलेंडरबाईंच्या हे सकाळीच लक्षात आलं. सभागृहाच्या खिडक्या रंगवायला डार्नली गिटन्स आला होता. त्याला त्यांनी धरून आणलं.

"डार्नली, हा पाट घट्ट कर. पाळक लॅशलींचं वजन पेललं पाहिजे."

"कितीचं वजन, बाई?"

"तुला पाट विचारलाय, पाळक नाही."

डार्नली स्क्रू आणायला खाली दुकानात गेला. दुकानात रेडिओवर क्रिकेट चाललं होतं. तो परतला तेव्हा देऊळ भरलं होतं आणि लांबलचक विनवणीची प्रार्थना निम्मी गाऊन झाली होती. लॅशली पांढरा झगा चढवायला मागच्या खोलीत गेले होते. झगा त्यांच्या आईनं नऊ वर्षांपूर्वी, निवड झाली त्याच आठवड्यात शिवला होता. त्याला बटणं एकोणचाळीस. झगा होता तसाच राहिला होता, लॅशली राहिले नव्हते. अकराव्या बटणावर गाडी अडली.

एवढ्यात काम उरकेल, असा हिशेब करून आयँथीबाईंनी डार्नलीला खूण केली. पांढऱ्या रंगकामाच्या डगल्यातला डार्नली वेदीपुढे गुडघ्यांवर बसला, मान खाली घातली, दोन स्क्रू तोंडात धरले आणि तिसरा पिळू लागला.

वेदीपासून पाटापर्यंत अकरा पावलं. यिअरवुडसाहेबांना ती पाठ होती. विनवणी संपताच ते उठले, अकरा पावलं चालले, पुढे कोणीतरी पांढऱ्या कपड्यात गुडघे टेकून बसलेलं त्यांना जाणवलं, आणि त्यांनी दोन्ही हात त्याच्या डोक्यावर ठेवले. हात जड होते. डार्नलीची हनुवटी छातीला टेकली. तोंडात स्क्रू असलेल्या माणसाला हरकत घेता येत नाही.

बिशप गायला लागले की मध्ये बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. बोलायचं तर सुरातच. आयँथीबाईंनी रीत मोडली नाही. त्यांनी वरची पट्टी धरली, "हा नव्हे, साहेब, हा नव्हे!"

बिशपांचा चेहरा उजळला. "हा नव्हे!" त्यांनी ओळ उचलली. "अहो हा कसला? हा तर माती!"

"माती!" बाकांनी उत्तर दिलं.

"मग घडवणारा कोण?"

"प्रभू!"

"अहो, दुसराच माणूस आहे हा!" आयँथीबाई जिवाच्या आकांतानं गात होत्या.

"दुसराच! जुना गेला, दुसराच झाला!" बिशप म्हणाले, आणि पुढची सात मिनिटं इतकं सुंदर गायले की मंडळीला हरकत असल्याचा विसर पडला. खरं सांगायचं तर मलाही पडला होता.

शेवटच्या आमेनवर डार्नलीनं स्क्रू तळहातावर काढले. "आमेन," तो म्हणाला. "साहेब, हात जरा बाजूला घेता का? एक राहिलाय."

त्याच क्षणी मागच्या खोलीचं दार उघडलं आणि एकोणचाळिसावं बटण लावलेले, श्वास कोंडून जांभळे झालेले पाळक लॅशली बाहेर आले.

जेवण सभागृहात मांडलेलं होतं. मक्याच्या पिठाचं कूकू, उडत्या माशाची आमटी, खोबऱ्याचा गोड पाव आणि मॉबीचं, म्हणजे झाडाच्या सालीच्या कडूगोड सरबताचं, भलंमोठं पिंप. पण जेवायला कोणी बसेना. सगळी मंडळी उभ्या उभ्या वाद घालत होती.

"चूक झाली म्हणायचं आणि मोकळं व्हायचं," कोणीतरी म्हणालं.

"तोंड आवरा," आयँथीबाई म्हणाल्या. "आपण वेगळे कशावरून झालो?"

शंभर वर्षांमागे मोठ्या चर्चचे बिशप या टेकडीवर आले असताना दीक्षा देताना त्यांचा हात चुकून घंटा वाजवणाऱ्या जोसायाच्या डोक्यावर पडला होता. मोठ्या चर्चनं कळवलं, ही चूक आहे, सबब रद्द. आमच्या पणज्यांनी उलट कळवलं, हात माणसाचा असला तरी ठेवणारा देव आहे, आणि तो चुकत नाही. झाली फाटाफूट. तो जोसाया आमचा पहिला बिशप. आज चूक म्हणावं तर जोसायाही चूक, आणि मग आपण शंभर वर्षं या टेकडीवर काय करतोय, असा प्रश्न होता.

"आणि साहेबांना दिसत नाही असं म्हणालात," बाई पुढे म्हणाल्या, "तर गेल्या दोन वर्षांत त्यांनी कोणाकोणाची लग्नं लावली ते आधी बघावं लागेल."

कोपऱ्यातल्या एका जोडप्यानं एकदम आशेनं मान वर केली.

"कोणाला दिसत नाही?" यिअरवुडसाहेब कडाडले. "मी नीट बघून हात ठेवलाय!" हे ते मॉबीच्या पिंपाला म्हणाले.

"मला नकोय हो हे," डार्नली म्हणाला. "दोन खिडक्या बाकी आहेत माझ्या. परत घ्या ना."

"ते खरवडून निघत नाही, डार्नली," आयँथीबाई म्हणाल्या.

"मग लॅशलींनाही करा की! दोन असले तर काय बिघडलं?"

बिघडत होतं. पावसात कुत्र्याच्या छत्र्या उगवतात तसे बिशप उगवू नयेत, म्हणून जोसायानंच नियम घालून ठेवला होता. एका बिशपानं वर्षाला एकच बिशप करायचा. म्हणजे लॅशलींना आणखी एक वर्ष थांबणं आलं, आणि यिअरवुडसाहेबांच्या वयात एक वर्ष म्हणजे कोणी शब्द द्यावा अशी गोष्ट नव्हे.

झग्यात बसता येत नसल्यानं लॅशली भिंतीला टेकून उभे होते. "होऊ दे," ते शेवटी म्हणाले. "देवाची तशीच इच्छा असेल तर..."

"देवाचं तू मला शिकवू नकोस," त्यांची आई म्हणाली. लॅशलीआजी अठ्ठ्याऐंशीच्या. मुलाला बिशप झालेलं बघितल्याशिवाय डोळे मिटायचे नाहीत, असं त्यांनी नऊ वर्षांपूर्वी जाहीर केलं होतं, आणि आता त्यांनाही दमायला झालं होतं. "तुला नऊ वर्षं थांबता आलं. मला दहावं झेपायचं नाही. आयँथे, नियम पुन्हा सांग."

"एका बिशपानं वर्षाला एक, आजी."

"या साहेबांचा एक झाला?"

"झाला."

"आणि हा रंगारी? बिशप आहे की नाही?"

"आहे," आयँथीबाई नाइलाजानं म्हणाल्या.

"मग याचा एक शिल्लक आहे."

कोणालाच उत्तर सुचेना, आणि आमच्या मंडळीत उत्तर सुचलं नाही की ते पवित्र आत्म्याचं म्हणणं धरतात.

सगळे पुन्हा देवळात गेले. लॅशलींनी गुडघे टेकले. तीन बटणं उडाली. पाट हलला नाही. डार्नलीनं डगल्याला हात पुसले आणि आयँथीबाईंकडे बघितलं.

"बाई, मला गाता येत नाही. शब्दही येत नाहीत."

"जे येतं ते बोल."

त्यानं हात ठेवले. मग म्हणाला, "देवा, हा माणूस नऊ वर्षं थांबलाय. कोणाबद्दल वाईट बोलला नाही. माझ्या आईच्या मातीला भर पावसात आला होता. आता तू बघ."

सुरात नव्हतं. तरीही बाकांवरून आमेन आलं, आणि लॅशलीआजींनी नाक शिंकरलं.

बाहेर पडताना मिरवणुकीचा प्रश्न आला. बिशपांनी वयानं नव्हे, दीक्षेच्या ज्येष्ठतेनं चालायचं. डार्नली लॅशलींपेक्षा अडीच तासांनी ज्येष्ठ. तो पुढे, पेचकस खिशात. लॅशली मागे, झग्याला पडलेली भगदाडं हातानं मिटत.

डार्नलीनं बिशप म्हणून आयुष्यात दुसरं एकच काम केलं. दारात यिअरवुडसाहेबांचा हात धरून त्यांना पायरी दाखवली आणि हळूच म्हणाला, "सोमवारी तुम्हाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेतोय."

"कोणाच्या हुकुमानं?"

"आता आपण बरोबरीचे आहोत, साहेब. मला सांगता येतं."

साहेबांनी बराच विचार केला. नियमात पळवाट नव्हती. सोमवारी ते गेले.

दोन्ही मोतीबिंदू काढून दीड महिन्यानं ते परत वेदीपुढे उभे राहिले. साऱ्या बाकांवरून त्यांनी नजर फिरवली, एकेक चेहरा जणू नव्यानं भेटत असल्यासारखा. डार्नलीवर नजर थांबली, मग लॅशलींवर. मग ते गायला लागले, आणि तिसऱ्याच ओळीला स्तोत्र सोडून त्यांनी वेगळीच ओळ धरली.

"मंडळीहो, मला कबूल करायचंय! त्या शनिवारी मला काही..."

आयँथीबाई ताडकन उठल्या. "हालेलूया!"

"हालेलूया!" पाचही देवळांची माणसं एका दमात ओरडली.

"मला काहीही दिस..."

"आमेन! आमेन!" सगळ्यांत मोठा आवाज लॅशलींचा होता.

यिअरवुडसाहेबांनी तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा मंडळी इतक्या जोरात गायली की पुढचा शब्द कोणी ऐकला नाही. शेवटी ते हसले, डोळे पुसले आणि सरळ स्तोत्रावर आले. इतका सुरेल कबुलीजबाब मी तरी दुसरा ऐकलेला नाही.

तेव्हा रात्री प्रार्थनेला बसाल तर ओसविन लॅशलींचं नाव घ्या. अडीच तासांनी धाकटा ठरलेला हा माणूस अजूनही रंगाऱ्याच्या मागून चालतो, आणि सत्य बाहेर येऊन रंगारी बाद व्हायची, याला पुढची जागा मिळायची वेळ आली, तेव्हा ते दाबायला सगळ्यांत मोठ्यानं आमेन म्हणाला. त्याची आठवण असू द्या.